अजून टाइम शे

नाना अहिरेंनी कातडं शिवायचं मशीन घ्यायला अकरा वर्षं लावली, आणि ती सगळी वर्षं मी त्यांच्या शेजारच्या खोलीत काम करत होते. मधे पत्र्याची भिंत होती. भिंतीच्या अलीकडे मी रोग्यांचे पाय तपासायचे, मापं घ्यायचे, तळव्यावर कुठे दाब पडतोय ते कागदावर काढायचे. पलीकडे नाना त्या कागदावरून चपला आणि बूट करायचे. माझा कागद सकाळी लिहिला की सकाळीच त्यांच्या टेबलावर जायचा. तिथून जोड कधी बाहेर येईल ते नानांखेरीज कुणाला सांगता यायचं नाही, आणि विचारलं तर नाना सांगायचे नाहीत.

"अजून टाइम शे," एवढंच म्हणायचे.

नाना सटाण्याकडचे. घरी अहिराणी, कामावर मराठी, पण 'आहे'च्या जागी त्यांच्या तोंडून 'शे' यायचंच. नाशकात इतकी वर्षं काढूनही ते गेलं नाही. टाइम शे म्हणजे वेळ आहे; पण ते ज्या सुरात म्हणत त्यात मला घाई करायला लावू नका हेही असायचं, आणि मी दमलोय हेही.

आमचं केंद्र पेठ रोडवर, पंचवटीची वस्ती विरळ होत जाते तिथे. एका धर्मादाय ट्रस्टचं. येणारे लोक दोन प्रकारचे. शहरातले साखरेचे रोगी, आणि पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातून एसटीनं येणारे, पूर्वी कुष्ठरोग होऊन बरे झालेले. दोघांचं दुखणं एकच, पायाला काही कळत नाही. खिळा घुसला तरी कळत नाही, चटका बसला तरी कळत नाही. फरशीवर रक्ताचे ठसे दिसले की मग माणूस वाकून आपला तळवा पाहतो. अशा पायात बाजारातली चप्पल घातली आणि तिची एखादी शिवण आतून घासत राहिली, तर महिन्याभरात जखम होते, जखम हाडाला भिडते, आणि मग काय होतं ते मी पुष्कळदा पाहिलं आहे. नानांनी केलेल्या चपलेचं काम ते सगळं अडवण्याचं होतं.

ते सव्वानऊला सायकलवरून येत. पायात नेहमी काळे, पॉलिश केलेले बूट. खोलीत शिरले की बूट काढून वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवायचे आणि संध्याकाळपर्यंत अनवाणी बसायचे. मला वाटायचं, सवय असेल. एकदा पावसाळ्यात फरशी बर्फासारखी झाली होती तेव्हा मी त्यांना रागावले. ते म्हणाले की या खोलीत दिवसभर चुका, म्हणजे बारके खिळे, सांडतात, आणि जोड घालून बघायला माणसं इथेच उघड्या पायानं येतात. खाली काही पडलं असेल तर ते आधी मला लागलेलं बरं.

चहा येईपर्यंत ते बोलत नसत. चहा झाला की दोऱ्याला मेण लावायला बसत. दहा ते अकरा फक्त तेच. दोरा गुडघ्यावरून ओढायचा, मेणाच्या गोळ्यातून काढायचा, परत ओढायचा. मग आरीनं कातड्याला एकेक भोक पाडायचं आणि दोन सुया दोन्ही बाजूंनी त्याच भोकातून काढायच्या. हाताच्या शिवणीत एक टाका तुटला तरी शेजारचा धरून ठेवतो, मशीनच्या शिवणीत एक सुटला की सगळी ओळ निघून जाते, असं ते सांगत. हे त्यांनी मला पहिल्या वर्षी सांगितलं. नंतर कधी सांगितलं नाही, कारण एक गोष्ट दोनदा सांगायचा त्यांना कंटाळा होता.

जोड तयार झाला की ते त्याच्या आत हात घालून डोळे मिटायचे. बोटं टाचेकडून पुढे अंगठ्यापर्यंत हळूहळू जायची. गाठ, सुरकुती, दोऱ्याचं टोक, काहीही चालायचं नाही. कधी भिंतीवर ठोकून मला बोलवायचे आणि हात घालायला लावायचे. मी घालायचे. मला काही लागायचं नाही. ते म्हणायचे, परत घाला. तिसऱ्या खेपेला कुठेतरी मोहरीच्या दाण्याएवढं काहीतरी बोटाखाली यायचं. मग ते मान हलवायचे आणि तीन दिवसांचं काम उसवायला घ्यायचे. नुसतं उसवूनही भागत नसे. कापड उसवून परत शिवता येतं, कातड्याला पडलेलं भोक पडलेलंच राहतं. म्हणजे तो तुकडा टाकून नवा कापायचा. मी उभी राहून बघायचे आणि मनात म्हणायचे, गेला आणखी एक आठवडा.

मशीनची गोष्ट पहिल्यांदा निघाली ती एका द्राक्ष बागायतदारामुळे. त्याच्या आईला आमच्याकडे गुण आला होता. त्याला ट्रस्टसाठी काहीतरी करायचं होतं. त्यानं कुणाला न विचारता एक नवं कोरं, मोठ्या टेबलाचं मशीन पाठवून दिलं आणि स्वतः सहकुटुंब आला. हार, नारळ, पेढे, सगळं झालं. आमचे मोठे डॉक्टर दोन शब्द बोलले. मग नानांना म्हणाले, चालवून दाखवा.

नानांनी खिशातून कातड्याचा एक तुकडा काढला. तो त्यांनी सकाळीच खिशात टाकला असणार. चार बोटं लांब शिवण घातली, तुकडा उलटा केला, खालचे टाके नखानं चाचपले, आणि तुकडा परत खिशात ठेवला.

"मशीन चांगलं शे," ते म्हणाले. "कापडाले."

बागायतदाराचा चेहरा उतरला. नंतर डॉक्टरांनी नानांना आत बोलावलं. मीही होते. नानांनी शांतपणे सांगितलं की या मशीनचं टेबल सपाट आहे, त्यावर तयार होत आलेला बूट चढत नाही. जाड पडदे, पिशव्या यांना ते उत्तम. डॉक्टर म्हणाले, असू द्या ना, आलंय फुकट, काहीतरी उपयोग होईल. नाना म्हणाले की तेच तर, एकदा दारात आलं की त्याला जमेल तसल्या चपला करायला लागू आपण. मशीन शेवटी एका महिला मंडळाच्या शिवणवर्गाला गेलं. डॉक्टर महिनाभर नानांशी कामापुरतंच बोलत होते. नानांना ते कळलं की नाही, सांगता येत नाही.

मग दोनेक वर्षांनी डॉक्टरांनीच परत विषय काढला. आता सरळ विचारलं, तुम्हाला हवं तसलं मशीन घेऊ, पण कधी घ्यायचं ते तरी सांगा. नाना तेव्हा जे बोलले ते मला शब्दन् शब्द पाठ आहे.

"जे शिवताना हाताले झोप येते ते काम मशीनचं. जे शिवताना हात अजून विचारत बसतो ते माझं. माझा हात अजून दर जोडाले विचारतो, साहेब. दर पाय येगळा शे."

डॉक्टरांना ते पटलं. मला तर फारच आवडलं. पुढे कितीतरी वर्षं केंद्र बघायला पाहुणे आले, शिकाऊ मुली आल्या, की मी हे वाक्य त्यांना ऐकवायचे. नानांच्या खोलीत नेऊन सांगायचे, इथे सगळं हातानं होतं. लोक माना डोलवायचे, फोटो काढायचे. नाना वर बघायचे नाहीत.

त्या काळात शहरात साखरेचे रोगी वाढत गेले. पूर्वी आठवड्याला माझे चार-पाच कागद भिंतीपलीकडे जायचे, ते दहा झाले, मग त्याहून जास्त. नाना एकटेच. जोड मिळायला आधी पंधरा दिवस लागत, मग महिना लागू लागला, मग दोन महिने. ते आता सहापर्यंत बसू लागले. त्यांच्या उजव्या अंगठ्याचा सांधा सुजायचा. मी दुपारी त्यांचा हात गरम मेणात बुडवून शेकून द्यायचे. सांधा झिजतोय, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी हात पुसला आणि नेहमीचं उत्तर दिलं. ट्रस्टनं मशीनला मंजुरी देऊन टाकली होती. नानांनी कुठलं हवं ते लिहून सही करायची, इतकंच बाकी होतं. तो अर्ज त्यांच्या टेबलावर मेणाच्या डब्याखाली पडून होता. मी रोज तो बघायचे. एकदाही तो डब्याखालून काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला नाही.

काशीबाई भोये पेठच्या पुढच्या एका पाड्यावरून यायच्या. पन्नाशीच्या, काटक, कमी बोलणाऱ्या. तरुणपणी कुष्ठरोग होऊन गेलेला, दोन्ही तळवे बधिर. पावसाळ्यात स्वतःच्या तुकड्यात नागली आणि भात करायच्या आणि दसऱ्याच्या सुमाराला घरच्यांबरोबर दिंडोरीकडे द्राक्षाच्या छाटणीला जायच्या. दर दोन वर्षांनी नानांचा जोड न्यायच्या. त्या वर्षी गणपतीत आल्या. जुना जोड फाटून गेला होता. मी माप घेतलं, कागद लिहिला. किती दिवस लागतील, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, तीन आठवडे. खरं तर रांगेत त्यांच्या आधी अठरा जण होते, आणि मला ते माहीत होतं. पण दोन महिने असं तोंडावर सांगवत नाही.

तीन आठवड्यांनी त्या दोन एसट्या बदलून आल्या. जोड झाला नव्हता. नवरात्रात परत आल्या. पट्टे कापून झाले होते, शिवायचे होते. मी कपाटातला एक जुना, जरा मोठा जोड त्यांना दिला आणि म्हणाले, तोवर हा वापरा. नाना दारात उभे होते. आणखी आठच दिवस, असं त्यांनी सांगितलं. काशीबाई म्हणाल्या, आठ दिवस कुठं हायत दादा, मुकादमाची गाडी परवा येती. आणि गेल्या.

त्यांचा जोड पुढच्या आठवड्यात तयार झाला. नानांनी त्याला नावाची चिठ्ठी बांधून खिळ्याला अडकवला. दिवाळी गेली. जोड तिथेच लटकत होता.

मार्गशीर्षात एके सकाळी काशीबाईंचा थोरला मुलगा त्यांना पाठुंगळी घेऊन आला. मी दिलेला जोड ओल्या मातीत पायातून निसटायचा, म्हणून त्यांनी तो काढून ठेवला आणि रबरी स्लिपर घालून काम केलं. बागेत मांडवाच्या तारेचे तुकडे पडलेले असतात. त्यातला एक स्लिपर फाडून तळव्यात गेला. दुखलं नाही. त्या त्याच पायानं छाटणी संपेपर्यंत उभ्या राहिल्या. शेवटी वास येऊ लागला तेव्हा सुनेच्या लक्षात आलं. मी फडकं सोडलं आणि परत गुंडाळलं. आमच्या हातात काही राहिलं नव्हतं. सरकारी दवाखान्यात त्यांचा उजवा पाय पुढून अर्धा काढला.

जखम भरून त्या परत आल्या त्या माघात. अर्ध्या पायासाठी बूट लागणार होता, पुढे भर घातलेला. नाना सहसा माझ्या खोलीत येत नसत. त्या दिवशी आले, खाली बसले आणि पायाचा प्लास्टरचा साचा स्वतःच्या हातानं घेतला. काशीबाई त्यांच्या डोक्याकडे बघत होत्या. प्लास्टर वाळत आलं. मग नाना खाली बघूनच म्हणाले, "जोड येळेवर झाला नाही, बाई. माझ्यामुळं झालं."

"तू काय करशील दादा," काशीबाई म्हणाल्या. "तुला दोनच हात हायत."

त्या हे अगदी सहज म्हणाल्या. त्यात माफ केल्याचाही आव नव्हता. घरातल्या कुणी दुसऱ्याची अडचण सांगावी तसं सांगितलं. नानांनी साचा उचलला आणि ते आपल्या खोलीत गेले. त्यानंतर दोन दिवस ते कामावर आले नाहीत. त्यांनी न सांगता घेतलेली ती पहिलीच रजा.

तिसऱ्या दिवशी आले, बूट काढले, चहा घेतला, पण दोऱ्याला मेण लावायला बसले नाहीत. माझ्या दारात येऊन म्हणाले, दहा मिनिटं शेत का. मी रोग्यांना बाहेर थांबायला सांगितलं.

त्यांनी तेव्हा मला जे सांगितलं ते इतक्या वर्षांत कधी निघालं नव्हतं. त्यांचे वडील सटाण्याच्या स्टँडबाहेर बसून चपला करायचे. नाना त्यांच्याकडेच शिकले आणि विशीत मुंबईला एका बुटांच्या कारखान्यात लागले. तिथे मशीनवर बसवलं. काम एकच, टाचेच्या मागची शिवण. दिवसाला शेकड्यांनी. आठ वर्षं तेच केलं. मग कारखाना बंद पडला. घरी आले तेव्हा वडिलांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. वडील म्हणाले, बस माझ्या जागेवर. नाना बसले, कातडं हातात घेतलं, आणि त्यांना सुरुवात कुठून करायची ते आठवेना. पहिला जोड त्यांनी केला तो गिऱ्हाईकानं हसून परत दिला. वडिलांना दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं.

"आठ वर्षं मी बूट शिवले, मॅडम. पण एकबी बूट मी केला नव्हता," नाना म्हणाले.

वडिलांजवळ बसून पुन्हा पहिल्यापासून शिकायला त्यांना तीन वर्षं लागली. हात परत आला. तेव्हापासून त्यांच्या मनात बसलं होतं की मशीन घरात आलं की हात जातो. पाय वेगळा, शिवण वेगळी, हे सगळं खरं होतं, ते खोटं बोलले नव्हते. पण त्याच्याखाली ही भीती होती, आणि अर्जावर सही होत नव्हती ती या भीतीमुळे.

मी काहीतरी समजुतीचं बोलू गेले. त्यांनी हात वर करून थांबवलं. म्हणाले, तो मशीनचा कागद पुढं पाठवा, मी सही करतो.

नवं मशीन त्यांनी मागितलं नाही. अंबडमध्ये बॅगा शिवणारा एक कारखाना बंद होत होता, तिथे एक जुनं मशीन निघालं. त्याला टेबल नव्हतं, नळीसारखा आडवा दांडा होता, ज्याच्यावर बूट मोज्यासारखा चढवून गोल फिरवत शिवता येतो. नाना ते बघायला तीनदा गेले. पहिल्यांदा नुसतं बघून आले. दुसऱ्यांदा जाड, पातळ, ओलं, वाळलेलं असं चार तऱ्हेचं कातडं घेऊन गेले आणि शिवून आणलं. ते तुकडे त्यांनी दोन दिवस उन्हात टाकले, ओढले, एक टाका कापून ओळ किती उसवते ते पाहिलं. तिसऱ्यांदा काशीबाईंच्या पायाच्या साच्यावरून केलेला फर्मा, म्हणजे लाकडी पाय, आणि त्यावर चढवलेलं कातडं घेऊन गेले. मीही बरोबर होते. त्यांनी ते कातडं दांड्यावर चढवलं, अर्ध्या पावलाच्या वळणावरून सुई हातानंच चाक फिरवून एकेक टाका नेली, आणि म्हणाले, "जातंय."

मशीन टेम्पोतून आलं. डॉक्टरांनी नारळ आणला होता. नाना म्हणाले, नारळ नको. बाहेरच्या पट्ट्या आणि वरचं कातडं मशीनवर, पायाला लागणारं आतलं सगळं हातानं, अशी त्यांनी कामाची वाटणी करून टाकली. दुपारी दोन ते चार मशीन, एरवी आरी. भिंतीपलीकडून इतकी वर्षं हातोडीची टकटक तेवढी ऐकू यायची, आता दुपारी खडखड ऐकू येऊ लागली. मला वाटलं होतं, काशीबाईंचा बूट तरी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत हातानं करतील. मी विचारलंही. ते म्हणाले, मशीनवर पहिला तोच शिवलाय. सहा दिवसांत झाला. काशीबाईंनी तो घालून खोलीत चार फेऱ्या मारल्या आणि परतीची एसटी चुकू नये म्हणून लगेच निघाल्या.

उन्हाळ्यापर्यंत रांग दोन आठवड्यांवर आली. नानांचा हातही गेला नाही. ते ज्याला भीत होते तसं काही घडलं नाही. पण अंगठा मात्र गेला होता. तो पुढे उघडायचा थांबला. आरी धरताना ते मूठ अर्धवट वळवून दोन बोटांनी धरायचे, आणि संध्याकाळी हात शेकायला नको म्हणायचे, कारण आता त्यानं काही होत नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

निवृत्तीच्या आधीच्या आठवड्यात ते मला म्हणाले, "मी मोजलं, मॅडम. पहिली नऊ वर्षं बरोबर होती. तेव्हा मशीन आणलं असतं तर नुसतं पडून राहिलं असतं. पुढची दोन चुकली. रांग महिन्याच्या पुढं गेली त्या दिवशी घ्यायला पाहिजे होतं. मी हाताकडं बघत बसलो. रांगेकडं बघायचं होतं."

मी म्हणाले, नाना, रांग तर मलाही दिसत होती. मीच तीन आठवडे सांगितलं होतं. अर्ज मला रोज दिसत होता.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं असावं. ते थकलेल्या आवाजात, पण स्पष्ट म्हणाले, "तुमचं तुम्ही मोजा."

मी ते अजून मोजते आहे. पाहुण्यांना हाताच्या झोपेचं ते वाक्य सांगणं मात्र मी त्या आधीच बंद केलं होतं.

निवृत्तीनंतर नाना चांदवडला मुलीकडे राहायला गेले. पत्नी आधीच वारल्या होत्या. मागच्या हिवाळ्यात मी धुळ्याला एका लग्नाला निघाले होते, तेव्हा वाट वाकडी करून त्यांच्याकडे गेले. मुलीचं घर मनमाड रस्त्याला लागून आहे. नाना ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. फार वाळले होते. मुलगी आतून आली, त्यांच्या स्वेटरची बटणं लावली आणि चहा टाकायला गेली. बटणं लावून होईपर्यंत त्यांनी मान रस्त्याकडे वळवून ठेवली होती.

त्यांनी डॉक्टरांची चौकशी केली. मग काशीबाईंची. मी सांगितलं, त्या चालतात. छाटणीला आता जात नाहीत, घरीच असतात, नातवंडं सांभाळतात. मागच्या महिन्यात नवा बूट घेऊन गेल्या. नव्या माणसानं नऊ दिवसांत केला. कसा झालाय, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, चांगला झालाय. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, नऊ दिवस म्हणजे बरंच झालं. आणि चहा प्यायले, कप दोन्ही तळहातांत धरून.

निघताना गाडी काढायची पंचाईत झाली. रस्त्याला कांद्याच्या ट्रॅक्टरांची रीघ लागली होती, एकामागे एक, मधे फट नाही. माझी गाडी त्यांच्या अंगणात घराकडे तोंड करून उभी होती आणि मागे घेतल्याशिवाय बाहेर निघत नव्हती. मी पाच-सात मिनिटं आरशात बघत बसले. लग्नाला उशीर होत होता, पण नानांच्या दारात हॉर्न वाजवावासा वाटेना.

तेवढ्यात आरशात नाना दिसले. ते खुर्चीतून उठून, अंगण ओलांडून रस्त्यावर गेले होते. डांबराच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी उजवा हात वर केला, अंगठा आत मिटलेला, बाकीची बोटं सरळ. पुढच्या ट्रॅक्टरवाल्यानं करकचून ब्रेक दाबला. मागचे सगळे थांबले. कुणीतरी ओरडलं. नाना हलले नाहीत. मी गाडी मागे घेतली, वळवली, त्यांच्या शेजारी आणून काच खाली केली. मला त्यांचा नीट निरोप घ्यायचा होता.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ट्रॅक्टरांवरची नजर न काढता दुसऱ्या हातानं मला पुढे जायची खूण केली.

"चला मॅडम, लवकर चला," ते म्हणाले. "लोकं खोळंबलेत."